पहिली मोजणी

तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमपासून काही किलोमीटरांच्या अंतरावर कावेरीच्या काठी तिरुविसनल्लूर नावाचे गाव आहे. मराठी वाचकाला हे नाव अपरिचित वाटेल. परंतु या गावाचे दुसरे नाव शहाजीराजपुरम् असे आहे आणि ते ऐकले म्हणजे अपरिचितपणा पुष्कळसा ओसरतो. छत्रपती शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांचे पुत्र शहाजी हे तंजावरच्या गादीवर असताना त्यांनी १६९३ साली हे गाव ४५ च्या आसपास विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. श्रीधर अय्यावाळ आणि ‘जानकीपरिणय’ नाटकाचे कर्ते रामभद्र दीक्षित यांची नावे या गावाशी निगडित आहेत. या विद्वानांत व्याकरण जाणणारे होते, वेदान्त जाणणारे होते, काव्यनाटक रचणारे होते. हातात हत्यार धरून शिकावयाची विद्या मात्र अग्रहारात शिकविली जात नसे. ती सुताराच्या, ओतारीच्या आणि पाथरवटाच्या घरी शिकली जाई.

तथापि याच गावातील शिवयोगीनाथर मंदिराच्या भिंतीवर एक उपकरण आहे. ते म्हणजे दगडात कोरलेली अर्धवर्तुळाकार सूर्यघटिका. तिच्या मध्यभागी धातूची एक आखूड सुई बसविलेली आहे आणि सुईची सावली कोरीव रेषांवरून सरकते. ती चोळकालीन असल्याचे सांगतात. या सूर्यघटिकेपासून इलेक्ट्रॉनिकीच्या पहिल्या पाठाला आरंभ करावा, असे सुचविले तर तंत्रनिकेतनातील अध्यापकांना ते विचित्र वाटेल. परंतु सुई, रेषा आणि वाचन या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे मोजमापाचे शास्त्र सुरू होते, आणि इलेक्ट्रॉनिकीत जे प्रत्यक्ष डोळ्यांना दिसते ते बहुतांशी मोजमापच असते. प्रवाह दिसत नाही, विद्युत् दाब दिसत नाही. दिसतो तो काटा किंवा अंक.

एखादा विद्यार्थी सूर्यघटिकेवरील वेळ आपल्या मनगटावरील घड्याळाशी ताडून पाहील, तर फेब्रुवारीच्या मध्यास त्याला सूर्यघटिका सुमारे पंचवीस मिनिटे मागे असलेली आढळेल. नोव्हेंबरच्या आरंभी हीच सूर्यघटिका तीन-चार मिनिटे पुढे दिसेल. तिला ‘चुकीची’ ठरविणे सोपे आहे. खरे कारण असे की, भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरील असते आणि कुंभकोणमचा परिसर त्याच्या सुमारे तीन अंश पश्चिमेस आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने तेथील सूर्य प्रमाणवेळेपेक्षा १२ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे आणि तिचा अक्ष कललेला असल्यामुळे सूर्याची गती वर्षभर एकसारखी भासत नाही. त्यामुळे पडणारा फरक फेब्रुवारीत १४ मिनिटे मागे, तर नोव्हेंबरात १६ मिनिटे पुढे इतका असतो. सूर्यघटिकाही खरी आहे आणि मनगटावरचे घड्याळही खरे आहे. दोन वाचनांतील तफावत ही चूक नव्हे. जोपर्यंत तिचे कारण सापडलेले नाही, तोपर्यंत तो एक प्रश्न असतो. हा प्रश्न पडू देणे आणि तो सोडविण्यास वेळ देणे, हेच प्राथमिक इलेक्ट्रॉनिकीच्या शिक्षणातील सर्वांत अवघड काम होय.

उपकरणे जवळ बाळगण्याची हौस तंजावरच्या मराठी राजघराण्यात पुढेही दिसते. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या सरफोजीराजांच्या संग्रहात ग्रंथांच्या जोडीला वायुपंप आणि घर्षणाने विद्युत् निर्माण करणारे यंत्र ही उपकरणेही होती. सरस्वती महाल ग्रंथालयाची कीर्ती सर्वत्र झाली. उपकरणांचे नाव मागे पडले. आपल्याकडे विद्येचे हे असे नेहमीच होत आले आहे. पोथी जपली जाते आणि हत्यार गंजते.

संस्थात्मक तंत्रशिक्षणाचा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. मद्रासजवळील गिंडीच्या महाविद्यालयाचे मूळ १७९४ च्या भूमापन शाळेत आहे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे १८५४ च्या शाळेत आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेचे १८८७ मध्ये. या संस्था निघाल्या तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता; तो १८९७ साली जे. जे. टॉमसन यांनी लावला. ट्रान्झिस्टरचा जन्म डिसेंबर १९४७ मधला. म्हणजे आज पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हाती जी वस्तू आपण सहज ठेवतो, ती स्वतंत्र भारताहून चार महिन्यांनी लहान आहे. एक उदाहरण मात्र सांगण्याजोगे आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० नंतरच्या दशकात जो संगणक बांधण्यात आला आणि १९६० मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झाला, तो बांधणारे बहुतेक तरुण त्यापूर्वी कधी असे यंत्र न बांधलेले होते. हजारो निर्वात नलिका आणि त्याहून अधिक रोधक जोडीत ते शिकत गेले. प्रथम शिकून मग बांधणे हा क्रम त्यांना परवडण्यासारखा नव्हता.

आता प्रयोगशाळेत शिरू या. कावेरीच्या खोऱ्यातील असो की गोदावरीच्या, तंत्रनिकेतनात पहिल्या सत्रास आलेला विद्यार्थी बहुधा शाळेत ओहमचा नियम पाठ करून आलेला असतो. दाब, प्रवाह आणि रोध यांतील दोन राशी दिल्या की तो तिसरी काढून देतो. त्याच्यापुढे नऊ व्होल्टची बॅटरी, एक तांबडा प्रकाश देणारा डायोड आणि रोधकांची पेटी ठेवा आणि त्याला सांगा की, दिवा लाव. डायोडवर सुमारे दोन व्होल्टचा दाब पडतो. उरलेले सात व्होल्ट रोधकावर पडावयास हवेत. दिव्यातून दहा मिलिअँपिअर प्रवाह जावा, तर रोध ७०० ओहम असला पाहिजे. इथवर गणित झाले. मग विद्यार्थी पेटीत ७०० ओहमचा रोधक शोधू लागतो, आणि तो त्याला मिळत नाही. ६८० मिळतो, ८२० मिळतो. हे अंक असे चमत्कारिक का? रोधक दहा टक्के इकडेतिकडे असू शकतो असे धरले, तर ६८० चा रोधक ६१२ पासून ७४८ पर्यंत आणि ८२० चा ७३८ पासून ९०२ पर्यंत कोठेही असू शकेल. दोन क्षेत्रे एकमेकांना जेमतेम भिडतात. मध्ये तिसरा घालण्यात अर्थ नाही. निळा, करडा आणि तपकिरी या तीन पट्ट्यांचा ६८० ओहमचा रोधक त्याने जोडला की दिवा लागतो, आणि सात भागिले ६८० केल्यास प्रवाह १०.३ मिलिअँपिअर येतो. दहा नव्हे. तरीही दिवा अगदी व्यवस्थित लागतो. पाठ्यपुस्तकातील संख्या आणि पेटीतील वस्तू यांमध्ये फट असते आणि त्या फटीत अभियंत्याचे सारे आयुष्य जाते, ही गोष्ट त्याला पहिल्याच दिवशी कळलेली बरी.

याच्या पुढची पायरी अधिक मोलाची आहे, म्हणून तिच्यावर थोडे रेंगाळू.

नऊ व्होल्टच्या बॅटरीला प्रत्येकी १०० किलोओहमचे दोन रोधक एकापुढे एक जोडले. दोन्ही समान, म्हणून प्रत्येकावर साडेचार व्होल्ट पडले पाहिजेत, हे कोणीही सांगेल. विद्यार्थी काट्याचा मल्टिमीटर दहा व्होल्टच्या पल्ल्यावर ठेवून पहिल्या रोधकावरचा दाब पाहतो. काटा ३.६ वर थांबतो. दुसऱ्यावर पाहतो, तेथेही ३.६. बेरीज ७.२ होते आणि बॅटरीवर मात्र सरळ नऊ व्होल्ट दिसतात. १.८ व्होल्ट गेले कोठे?

या क्षणी वर्गात काय घडते, त्यावर त्या विद्यार्थ्याचे पुढील शिक्षण अवलंबून असते. अनेक ठिकाणी असे घडते की, विद्यार्थी शेजारच्या वहीत डोकावतो, तेथे ४.५ लिहिलेले असते आणि तोही ४.५ लिहितो. प्रयोगाचा निष्कर्ष ‘नियम पडताळून पाहिला’ असा लिहिला जातो. वहीवर सही होते. कोणाचे काही बिघडत नाही. मात्र त्या मुलाच्या मनात एक गोष्ट कायमची ठसते की, डोळ्यांनी दिसते ते लिहावयाचे नसते.

वास्तविक १.८ व्होल्ट कोठेही गेलेले नसतात. काटा फिरविण्यासाठी मीटरला स्वतः प्रवाह लागतो. ज्या मीटरवर ‘प्रतिव्होल्ट २०,००० ओहम’ असे लिहिलेले असते, त्याचा रोध दहा व्होल्टच्या पल्ल्यावर २०० किलोओहम असतो. तो १०० किलोओहमच्या रोधकाला समांतर जोडला की दोहोंचा मिळून रोध ६६.७ किलोओहम होतो. मंडलातील प्रवाह मूळचा ४५ मायक्रोअँपिअर होता, तो आता ५४ होतो. त्यांपैकी ३६ रोधकातून व १८ मीटरमधून जातात. म्हणून या रोधकावर ३.६ आणि दुसऱ्यावर ५.४ व्होल्ट पडतात. त्यांची बेरीज नऊच आहे. मीटर दुसरीकडे नेला की भूमिकांची अदलाबदल होते. विद्यार्थ्याने दोन वाचने घेतली ती एका मंडलाची नव्हेत, दोन वेगवेगळ्या मंडलांची.

मग त्याला मीटर पन्नास व्होल्टच्या पल्ल्यावर ठेवावयास सांगावे. जाडसर मापाने बारीक वस्तू अधिक वाईट मोजली जाईल असे त्याला वाटते. पण या पल्ल्यावर मीटरचा रोध दहा लक्ष ओहम होतो आणि काटा ४.३ च्या जवळ येतो. दहा दशलक्ष ओहम रोधाचा अंकदर्शक मीटर दिला तर ४.४८ दिसतात. आणि यानंतर एक गंमत करावी. अगदी सारखे दोन काट्याचे मीटर घेऊन ते एकाच वेळी दोन्ही रोधकांवर जोडावे. दोन्ही काटे बरोबर ४.५ दाखवितात! दोन्ही बाजूंवर सारखाच भार पडल्यामुळे समतोल परत आलेला असतो, वास्तविक मंडलातून जाणारा प्रवाह मात्र मूळच्या प्रवाहाच्या दीडपट झालेला असतो. उत्तर बरोबर आणि कारण चुकीचे, असा हा प्रसंग आहे. ज्याने वहीत नक्कल करून ४.५ लिहिले, त्याचे उत्तरही अशाच अर्थाने बरोबर असते.

सूर्यघटिकेची आणि मीटरची तुलना येथे संपते, आणि ती कोठे संपते हे सांगण्यासारखे आहे. सुईची सावली सूर्यापासून काही हिरावून घेत नाही. मीटरचा काटा जे मोजतो त्यातलाच थोडा भाग खाऊन हलतो.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील शेतकऱ्याच्या मुलाला ही गोष्ट समजावून सांगण्यास वेगळ्या रूपकाची गरज नाही. कल्लणै धरणापासून फुटत गेलेल्या कालव्यांच्या जाळ्यात तो वाढलेला असतो. वरच्या अंगाची एक मोरी उघडली की पाटातील पाण्याची पातळी खाली येते आणि शेवटच्या टोकाच्या शेताला पाणी पोहोचेनासे होते, हे त्याने प्रत्यक्ष पाहिलेले आहे. कदाचित त्यापायी झालेली भांडणेही पाहिली असतील. आपल्याकडे नीरा किंवा प्रवरा कालव्यावरील मुलालाही हे सांगावे लागत नाही. मीटर म्हणजे पातळी पाहण्यासाठी उघडलेली एक मोरी. मोरी जितकी अरुंद, तितकी पातळी कमी बिघडते; म्हणून चांगल्या मीटरचा रोध अफाट मोठा असावा लागतो. अर्थात पाण्याच्या उपमेलाही मर्यादा आहे. पाट फुटला तर पाणी शेतात वाहते. तार तुटली तर प्रवाह बाहेर सांडत नाही, तो संपूर्ण मंडलात थांबतो. उपमा कोठपर्यंत चालते हे विद्यार्थ्यालाच शोधून काढू द्यावे.

यापुढील पाठ थोडक्यात सांगता येतील. घरातील २३० व्होल्टचा दाब रोहित्राने १२ व्होल्टवर आणला, चार डायोडांच्या सेतूने त्याचे एकदिशीकरण केले आणि त्याला १,००० मायक्रोफॅरडचे धारित्र जोडले, की विद्यार्थी १२ व्होल्टची अपेक्षा करतो आणि त्याला सोळाच्या जवळपास मिळतात. रोहित्रावर लिहिलेला आकडा परिणामी मूल्याचा असतो. तरंगाचे शिखर त्याच्या १.४१ पट, म्हणजे १७ व्होल्टवर असते, आणि मार्गातील दोन डायोड मिळून सुमारे १.४ व्होल्ट घेतात. शंभर मिलिअँपिअर प्रवाह काढू लागताच धारित्रावरील दाब दर सेकंदाला शंभर वेळा जवळजवळ एक व्होल्टने खालीवर होऊ लागतो, आणि ध्वनिक्षेपकात ऐकू येणारी घरघर ती हीच. येथे दोन सूचना अध्यापकाने अतिशय कठोरपणे दिल्या पाहिजेत. विद्युत् विच्छेद्य धारित्राची धन व ऋण टोके उलट जोडली तर ते तापून फुटते. दुसरी सूचना अशी की, वीज बंद केल्यावरही धारित्रात दाब शिल्लक राहतो. २३० व्होल्टच्या बाजूला हात लावण्याचा प्रसंग पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यावर मुळीच येऊ देऊ नये. शौर्याला या प्रयोगशाळेत जागा नाही.

ट्रान्झिस्टरपाशी आले म्हणजे तफावतीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो आणि या वेळी तो आणखी ठळकपणे. बीसी ५४७ हा सर्वत्र मिळणारा ट्रान्झिस्टर घ्या. पायातील प्रवाहाच्या कितीपट प्रवाह संग्राहकात वाहील, तो गुणक या एकाच जातीत ११० पासून ८०० पर्यंत काहीही असू शकतो, असे निर्माते स्वतःच सांगतात. पायाला एक मेगॅओहमचा रोधक जोडून नऊ व्होल्ट दिले तर त्यातून सुमारे ८.३ मायक्रोअँपिअर जातात. संग्राहकात २.२ किलोओहम ठेवले आणि गुणक १२० असला, तर ट्रान्झिस्टरवर ६.८ व्होल्ट उरतात. २०० असला तर ५.३, आणि ४०० असला तर जेमतेम १.७. एकाच पुडीतून काढलेले तीन ट्रान्झिस्टर, एकच आकृती, एकच जुळणी, आणि तीन टेबलांवर तीन उत्तरे. तिघेही विद्यार्थी बरोबर आहेत. जर सगळ्या वह्यांत एकच उत्तर आले, तर कोणीतरी एकानेच प्रयोग केला असे खुशाल समजावे. यानंतर उत्सर्जकात एक रोधक घालून आणि पायाला दोन रोधकांनी ठरावीक दाब देऊन हीच जुळणी पुन्हा करावयास सांगितली, की तिन्ही टेबलांवरील उत्तरे एकमेकांच्या जवळ येतात. विश्वासार्ह नसलेल्या वस्तूंतून विश्वासार्ह मंडल कसे बांधावे, ही इलेक्ट्रॉनिकीची मध्यवर्ती युक्ती आहे आणि ज्याने आधीचा गोंधळ पाहिला नाही, त्याला या युक्तीचे महत्त्व कळत नाही.

डाख देण्याचे कौशल्य हाताचे आहे. ते लिहून सांगणे व्यर्थ. एवढेच सांगावे की, कथिल आणि शिसे यांचा नेहमीचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो, आणि तापवावयाचा असतो तो सांधा, डाख नव्हे. तापलेल्या सांध्यावर डाख आपोआप पसरतो व चकाकतो. न तापलेल्या सांध्यावर त्याचा मळकट गोळा बसतो. असा थंड सांधा वर्गात चालतो, परीक्षेत चालतो आणि सहा आठवड्यांनी एखाद्या पावसाळी संध्याकाळी बंद पडतो. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराला हा दोष पेन्सिलीच्या टोकाने ठोकून शोधता येतो. असे पुष्कळ कारागीर कुंभकोणमच्या, सांगलीच्या आणि धुळ्याच्या बाजारपेठांत एकेकाळी होते. त्यांच्यापैकी अनेकांनी महाविद्यालयाची पायरी चढलेली नव्हती. त्यांची दोष शोधण्याची पद्धत, म्हणजे मंडलाचे मधोमध दोन भाग पाडणे, कोणता भाग जिवंत आहे ते पाहणे आणि उरलेल्या भागाचे पुन्हा दोन भाग पाडणे, ही अभ्यासक्रमात लेखी स्वरूपात क्वचितच आढळते.

प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की, प्रात्यक्षिक परीक्षेची रचना उलटी आहे. विद्यार्थ्याला कोरी आकृती देऊन मंडल जोडावयास सांगतात आणि अपेक्षित संख्या आली की गुण देतात. संख्या अगोदरच ठाऊक असेल, तर मंडल जोडण्याचे कारणच उरत नाही. सहा-सहा जणांच्या गटात एकाच्या हाती मीटर आणि पाचांच्या हाती पेन असते. उपकरणे महाग म्हणून कपाटात, आणि कपाटाची किल्ली ज्याच्याजवळ असते तो प्रयोगशाळा-साहाय्यक बिघाडाचा जबाब द्यावा लागेल या भीतीने सावध. ज्या मुलाच्या घरी त्याच्यापूर्वी कोणीही महाविद्यालयात गेलेले नाही, तो मीटरला हात लावावयास सर्वांत अधिक बिचकतो. जळालेल्या रोधकाची किंमत काही पैशांची किंवा फार तर रुपयाची असते. परंतु ‘तू बिघडवलेस’ हे शब्द तो मुलगा अनेक वर्षे विसरत नाही.

याला उपाय खर्चिक नाही. परीक्षकाने आधीच जोडलेले आणि मुद्दाम बिघडविलेले मंडल विद्यार्थ्यापुढे ठेवावे: एका ठिकाणी उलटा डायोड, दुसऱ्या ठिकाणी थंड सांधा, तिसऱ्या ठिकाणी तपकिरीऐवजी नारिंगी पट्ट्याचा रोधक, म्हणजे ६८० च्या जागी ६८,०००. वाचने शाईने लिहावयाची, खोडरबर बंद. चुकीचे वाटणारे वाचन तसेच ठेवून त्याच्यापुढे संभाव्य कारण लिहावयाचे, आणि गुण त्या कारणाला द्यावयाचे. दोन १०० किलोओहमच्या रोधकांच्या प्रयोगात ज्याने ३.६ लिहिले आणि पुढे ‘मीटरही प्रवाह घेत असावा काय?’ एवढेच विचारले, त्याला ४.५ लिहिणाऱ्यापेक्षा अधिक गुण मिळाले पाहिजेत. अशा वह्या तपासावयास वेळ लागतो, कारण प्रत्येक वही वेगळी असते. अध्यापकाला त्या पाहताना स्वतः मीटर घेऊन पुन्हा टेबलाशी जावे लागते, आणि कधी कधी विद्यार्थ्याचे वाचन बरोबर व आपलीच उत्तरपत्रिका चुकीची आहे असेही त्याला आढळते.